कानामागच्या यंत्राची हमी कुणाची?

पाली, ता. जि. रत्नागिरी

मा. श्री. उदय सामंत,
उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य, तथा पालकमंत्री, रत्नागिरी जिल्हा



आपण पालीचेच, त्यामुळे गावाची ओळख करून देण्यात शब्द घालवत नाही. मी इथे बाजारपेठेत दुरुस्तीचं दुकान चालवतो. आधी रेडिओ होते, मग टीव्हीची खोकी आली आणि गेली. आता मिक्सर, इन्व्हर्टर, सेट टॉप बॉक्सचे रिमोट, मोबाईल. पण अलीकडे टेबलावर माणसाच्या अंगावरची यंत्रंही येऊ लागली आहेत. श्रवणयंत्रं येतात, रक्तदाबाची आणि साखरेची मशिनं येतात, करोनानंतर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले. आणि कधीमधी एखादी आई पदराच्या टोकात बांधून कॉक्लिअर इम्प्लांटचा प्रोसेसर आणते. हे पत्र त्या प्रोसेसरबद्दल आहे. आरोग्यमंत्र्यांना न लिहिता आपल्याला का लिहितोय, ते पुढे सांगतो.

माणूस आणि यंत्र एक होणार, अशा बातम्या आता रोज येतात. अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये खांद्याखाली लुळ्या पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत न्यूरालिंक कंपनीने चिप बसवली. नुसत्या विचाराने तो संगणकाचा कर्सर हलवू लागला, बुद्धिबळ खेळू लागला. काही आठवड्यांत मेंदूत रोवलेले बरेचसे धागे मागे सरकले, तेव्हा कंपनीने सॉफ्टवेअर बदलून काम चालू ठेवलं. हे वाचून आमच्या कट्ट्यावरची मंडळी दोन गोष्टी बोलतात. एक, देवाच्या कामात ढवळाढवळ नको. दोन, आपल्याकडे यायला अजून पन्नास वर्षं आहेत. मला दोन्ही पटत नाहीत. देवाच्या कामातली ढवळाढवळ चष्मा लावला त्या दिवशीच सुरू झाली. मोतीबिंदू काढून डोळ्यात भिंग बसवायची कल्पना हॅरोल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरला सुचली ती दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांमुळे. विमानाच्या काचेसारख्या प्लास्टिकचे कण त्यांच्या डोळ्यात घुसून राहिले, तरी डोळा चिडला नाही, हे त्याने पाहिलं आणि १९४९ मध्ये पहिलं भिंग बसवलं. आज आपल्या तालुक्यातल्या कितीतरी आज्या तसलं भिंग घालून तांदूळ निवडतात आणि त्यात कुणाला काही अघोरी वाटत नाही. आणि पन्नास वर्षांचं म्हणाल, तर यंत्र डोक्यात घेऊन फिरणारी पोरं आत्ता आपल्या जिल्ह्यातल्या शाळांत बसली आहेत.

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे नुसतं मोठ्या आवाजाचं श्रवणयंत्र नव्हे. श्रवणयंत्र आवाज वाढवून कानात सोडतं. आतल्या कानाच्या पेशीच मेलेल्या असतील तर त्याचा उपयोग होत नाही. इम्प्लांट तो भागच ओलांडून जातं. कानामागच्या प्रोसेसरमधला माईक आवाज घेतो, प्रोसेसर त्याचे आकडे करतो, चुंबकाने डोक्याला चिकटलेली गोल कॉईल ते आकडे कातडीच्या पलीकडे पाठवते, आत बसवलेला भाग ते झेलतो आणि आतल्या कानाच्या गोगलगायीसारख्या वेटोळ्यात सरकवलेल्या तारेवरच्या इलेक्ट्रोडमधून थेट मज्जातंतूला वीज देतो. ऑस्ट्रेलियातले ग्रॅम क्लार्क या तारेवर अडले होते. वेटोळ्यात तार खोलवर जाईचना. समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीत असताना त्यांनी एक शंख उचलला आणि त्यात गवताचं पातं सरकवून पाहिलं. टोकाला लवचीक आणि मागे ताठ असलेलं पातं अलगद आत गेलं. त्यावरून तार कशी हवी ते कळलं आणि १९७८ मध्ये मेलबर्नला त्यांनी आपल्या पहिल्या रुग्णाला अनेक इलेक्ट्रोडचं यंत्र बसवलं. गणपतीपुळ्याला शंख वेचणाऱ्या पोरांना ही गोष्ट शाळेत सांगायला हवी.

ऑपरेशन झालं म्हणजे ऐकू आलं, असं नसतं. प्रत्येक इलेक्ट्रोडला किती वीज द्यायची हे संगणकावर बसून ठरवावं लागतं. त्याला मॅपिंग म्हणतात. मूल वाढेल तसं ते पुन्हा पुन्हा करावं लागतं. सोबत स्पीच थेरपी. त्यासाठी आपल्याकडची कुटुंबं मुंबईला, पुण्याला नाहीतर आंबा घाट चढून कोल्हापूरला जातात. रजा, भाडं, मुक्काम सगळं आलं. तरी ते जातात, कारण फळ मिळतं. जन्मापासून काही न ऐकलेलं पोर 'आई' म्हणतं तेव्हा त्या घरात काय होतं, ते मी वर्णन करणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे.

आता माझ्या टेबलावर या. मागच्या पावसाळ्यात एका आईने आणलेला प्रोसेसर सांगतो. बॅटरीचं झाकण उघडलं तर आतल्या पत्र्याच्या पट्टीवर हिरवट बुरशीसारखा थर. घाम, समुद्राची हवा आणि आषाढातली ओल. कॉईलची केबल वाकून वाकून मुळाशी तडकलेली. त्यावर आईने आधी सेलोटेप आणि मग शिवणाचा दोरा गुंडाळला होता. यंत्र रात्री तांदळाच्या डब्यात ठेवत होती, ओल शोषून घ्यायला. मी पट्टी साफ केली, तेव्हा दिवा लागला. केबलला मात्र हात लावला नाही. तिचं टोक असं घडवलेलं असतं की बाजारातली कुठलीही केबल त्यात जात नाही, आणि कंपनीबाहेरच्या कुणी उघडलं तर हमी संपते. आईने मोठ्या शहरातल्या सेवा केंद्राला फोन लावला होता. उत्तर आलं, हे मॉडेल आता बंद झालंय, नवीन घ्या. नवीनची किंमत लाखांत. मुलगा चौथीत. तो दुकानात माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता, कारण त्या क्षणी तो ऐकत नव्हता, ओठ वाचत होता.

त्याच आठवड्यात दुसरा मुलगा आला. वडील कतारला. त्याच्या प्रोसेसरला काही झालं नव्हतं, फक्त मोबाईलशी जोडणी होत नव्हती. ते सेटिंग मी दोन मिनिटांत लावून दिलं. तर त्याने मला काय दाखवलं माहीत आहे? फोन खिशात ठेवून तो डोक्यातल्या डोक्यात गाणी ऐकतो. वर्गात बाईंच्या गळ्यात छोटा माईक अडकवला की मागच्या बाकावर गोंगाटातही त्याला बाईंचा शब्द न् शब्द ऐकू येतो, शेजारच्या धडधाकट कानाच्या पोराला येत नाही. गणपतीत डीजे लागला की कॉईल काढून खिशात टाकतो आणि सुखाने झोपतो. मला त्याचा हेवा वाटला, खरं सांगतो. उपचार कुठे संपतो आणि माणसाची सुधारित आवृत्ती कुठे सुरू होते यावर विद्वान लोक पुस्तकं लिहितात. माझ्या टेबलावर ती रेघ दोन मुलांच्या मधून गेली होती. दोघांवर एकच ऑपरेशन झालेलं. एक शेजाऱ्यापेक्षा सरस ऐकतो, दुसरा तडकलेल्या केबलपायी पुन्हा बहिरा. म्हणून 'अतिमानव' येणार की नाही या चर्चेत मला रस नाही. श्रीमंतांच्या अंगावर चांगली यंत्रं येणारच. ज्याच्या अंगात सरकारने यंत्र बसवलं, त्याला पुढे कोण सांभाळणार, हा माझा प्रश्न आहे.

थोडा हिशेब मांडू. आतल्या भागाची हमी साधारण दहा वर्षांची असते, बाहेरच्या प्रोसेसरची तीन ते पाच. मूल तीन वर्षांचं असताना ऑपरेशन झालं आणि ते सत्तरी पाहणार असेल, तर प्रत्येक प्रोसेसर हमीपलीकडे थोडा चालला असं धरूनही जन्मभरात दहाएक लागतील. दिव्यांगांना उपकरणं देणाऱ्या केंद्राच्या एडीप योजनेतून, राज्याच्या योजनांतून, दात्यांच्या मदतीतून जे मिळतं ते पहिलं यंत्र, ऑपरेशन आणि सुरुवातीचं मॅपिंग. पुढचे नऊ प्रोसेसर कुणाच्या खिशातून? शिवाय एका कंपनीचा प्रोसेसर दुसऱ्या कंपनीच्या आतल्या भागाशी बोलत नाही. म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी त्या मुलाचं एका कंपनीशी जन्मभराचं नातं जुळतं. ते जुळवतं कोण? मूल नाही, आईबाप नाहीत, बहुतेक वेळा डॉक्टरही नाही. निविदा जुळवते. सर्वात कमी दर भरला तो एल-वन. त्या दरात पुढच्या पंधरा वर्षांच्या केबलचा दर नसतो, बंद मॉडेलचा विचार नसतो. डांबरी रस्त्याच्या ठेक्यातसुद्धा आपण दोषदायित्व कालावधी घालतो, ठेकेदाराने काही वर्षं खड्डे बुजवायचे असतात (बुजवतो की नाही ते हातखंब्यापर्यंतच्या महामार्गावर आपण दोघांनीही पाहिलंय). मुलाच्या कवटीतल्या यंत्राला तेवढंही नाही.

कंपनीच बुडायला आली तर काय होतं, याचा दाखला अमेरिकेत आहे. सेकंड साईट या कंपनीने आर्गस-२ नावाचा कृत्रिम डोळा काढला. अंध माणसाच्या चष्म्यावर कॅमेरा, डोळ्यात इलेक्ट्रोड. उजेड-अंधाराच्या ठिपक्यांतून दाराची चौकट कळायची, रस्त्याची कड कळायची. २०१३ मध्ये अमेरिकी सरकारची मान्यता मिळाली, जगभरात साडेतीनशेच्या वर लोकांनी तो बसवून घेतला. मग कंपनीचे पैसे संपत आले, तिने ते यंत्र सोडून दुसरा प्रयोग धरला आणि तो डोळा बसवलेल्यांना पाठबळ देणं थांबवलं. काहींची यंत्रं चालता चालता मिटली. नव्याने आलेला उजेड दुसऱ्यांदा गेला आणि तक्रार करायला समोर माणूस नव्हता. यंत्र शरीरातून काढायचं तर पुन्हा ऑपरेशन. अमेरिकेतल्या माणसाची ही गत, तर पालीतल्या पोराने कुणाचा दरवाजा ठोठावायचा?

आपल्याकडे दुरुस्तीच्या हक्काचं वारं २०२२ मध्ये सुरू झालं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टलही आलं. कुठल्या वस्तूंसाठी? शेतीची अवजारं, मोबाईल आणि तत्सम उपकरणं, गाड्या, घरगुती टिकाऊ वस्तू. ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचा विचार झाला, फ्रीजच्या झाला, पण जे यंत्र बंद पडलं की माणूस बहिरा होतो ते या चार खणांत कुठेच नाही. मी त्यातला माणूस आहे म्हणून सांगतो, यातली सगळीच यंत्रं कुणीही उघडावीत असं माझं म्हणणं नाही. पेसमेकरला माझ्यासारख्याने हात लावू नये. आतला भाग तर नाहीच नाही. पण केबल, कॉईल, बॅटरीचा खण, माईकचं झाकण हे भाग प्रशिक्षित माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी बदलता आले पाहिजेत आणि ते भाग मिळाले पाहिजेत. एवढं साधं आहे ते.

आता आपल्याला का लिहिलं ते. आपण म्हणाल, हा विषय आरोग्य खात्याचा आणि केंद्राचा. अर्धं खरं आहे. पण राज्य सरकारने काय, कसं आणि कुठल्या अटींवर विकत घ्यायचं याची नियमपुस्तिका आपल्या खात्याची आहे. १ डिसेंबर २०१६ चा तो शासन निर्णय उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाने काढला होता. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांसाठी २०२३ मध्ये वेगळं खरेदी प्राधिकरण झालं हे मला ठाऊक आहे. पण खरेदीत कमी दर म्हणजे काय, पहिल्या दिवसाचा की जन्मभराचा, हा विचार धोरणाचा आहे आणि तो आपल्या टेबलावर होऊ शकतो. किमतीला हात लावता येतो हेही आपल्या देशाने दाखवलंय. २०१७ मध्ये आधी हृदयातल्या स्टेंटच्या आणि मग गुडघ्याच्या सांध्याच्या किमतींवर केंद्राने मर्यादा आणली. कंपन्यांनी आरडाओरडा केला आणि मग निमूट विकू लागल्या. केरळने श्रुतितरंगम योजनेत इम्प्लांट झालेल्या मुलांच्या दुरुस्तीची आणि जुने प्रोसेसर बदलण्याची जबाबदारी सरकारकडे घेतली. तिथे तक्रारी नाहीत असं नाही, पण तक्रार घेऊन जायला खिडकी आहे.

आपण रत्नागिरीत सेमीकंडक्टरचा कारखाना आणण्याचं जाहीर केलंत. चांगलं आहे, पोरांना काम मिळेल. पण चिप बनवणाऱ्या जिल्ह्यात चिप डोक्यात असलेल्या मुलाला केबल मिळत नसेल, तर ते कसं दिसेल? रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आहे, आयटीआय आहे. आपण तंत्रशिक्षणमंत्री होतात, या संस्थांची ताकद आपल्याला माझ्याहून जास्त माहीत. मॅपिंगला लागतं काय? संगणक, कंपनीचं सॉफ्टवेअर, जोडणीची पेटी आणि शिकलेला ऑडिओलॉजिस्ट. महिन्यातून काही ठरलेले दिवस तो वैद्यकीय महाविद्यालयात बसला, तरी राजापूर-लांज्याच्या आईचा मुंबईचा हेलपाटा वाचतो.

आता जरा अवघड बाजू. ही यंत्रं चांगलीच, सगळ्यांना बसवा, असा माझा सूर वाटला असेल तर तसा नाही. इम्प्लांटचा निर्णय लहानपणीच घ्यावा लागतो, कारण भाषा शिकायचं मेंदूचं वय निघून जातं. म्हणजे ज्याच्या डोक्यात यंत्र बसणार त्याला विचारताच येत नाही. ऑपरेशनमध्ये उरलंसुरलं नैसर्गिक ऐकणंही जाऊ शकतं. आतलं चुंबक जन्मभर सोबत. जुन्या यंत्रांत एमआरआय काढायचा तर आधी ते चुंबक काढावं लागतं. प्लास्टिकच्या घसरगुंडीवर जाताना प्रोसेसर काढून ठेवायचा, कारण घर्षणाच्या विजेने त्यातलं मॅपिंग बिघडू शकतं. बाईकवर हेल्मेट घातलं की कॉईल निसटते. अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९१ मध्ये लहान मुलांच्या इम्प्लांटला उघड विरोध केला. त्यांचं म्हणणं, आमच्यात काही मोडलेलं नाही, आम्हाला खुणांची भाषा आहे, तुम्ही आमची मुलं दुरुस्तीला काढू नका. २००० मध्ये त्यांनी भूमिका मवाळ केली, पण पूर्ण सोडली नाही. पूर्वी मला हा हट्ट वाटायचा. एसटीत कर्णबधिर शाळेतली पोरं भेटली, की हातांनी एकमेकांच्या खोड्या काढताना, भांडताना, मास्तरांची नक्कल करताना पाहतो, आणि त्यांच्या गप्पांत काही कमी आहे असं म्हणायची माझी हिंमत होत नाही. मी बाप असतो तर इम्प्लांटच निवडलं असतं, कारण गावात, बाजारात, शेतात बोलीनेच चालतं. पण सोबत पोराला खुणांची भाषाही शिकवली असती. बरेच थेरपिस्ट ती नको म्हणतात, बोलणं मागे पडेल म्हणून. पण निसर्ग वादळात दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा चार्जिंगचा प्रोसेसर घेऊन बसलेल्या माणसाने काय करायचं होतं? यंत्र बंद पडलं तरी माणूस बोलता राहिला पाहिजे. ही सोय कुठल्याच कंपनीच्या डब्यात मिळत नाही, ती शाळेत द्यावी लागते.

आणखी एक गोष्ट आपण उद्योगमंत्री आहात म्हणून. शरीराला जोड देणारी यंत्रं आता दवाखान्यातून कारखान्यात चालली आहेत. फोर्ड कंपनीने २०१८ मध्ये आपल्या पंधरा कारखान्यांतल्या कामगारांना हात वर धरून काम करताना आधार देणारी जाकिटं दिली. उद्या ती जाकिटं एमआयडीसीत येतील, परवा चिरेखाणीवर. तीस किलोच्या आसपासचा चिरा दिवसभर उचलणाऱ्या माणसाच्या कमरेला आधार मिळाला, तर त्यात वाईट काय? काहीच नाही, जोवर उचलायच्या चिऱ्यांचा आकडा तोच राहतो. कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला नूतन झेला आंबेवाल्याच्या हातात आला, देठासकट फळ खाली उतरू लागलं, झाडावर चढून पडणं कमी झालं. पण झेला बागायतदाराचाही असतो, गड्याचाही असतो, मोडला तर गावात दुरुस्त होतो, आणि संध्याकाळी भिंतीला टेकवून ठेवता येतो. अंगाला चिकटलेलं यंत्र मालकाचं असेल तर गोष्ट बदलते. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली होती. कामगार घाबरायचे की घड्याळाचं नेटवर्क गेलं तर हजेरी जाईल. ते घड्याळ त्यांनी मागितलं नव्हतं.

आणि यंत्राशिवायही शरीर कामाच्या सोयीने बदललं जातं, हे आपल्या राज्याने पाहिलंय. बीडच्या ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर बायकांची शस्त्रक्रिया झालेली निघाली. नवराबायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, खाडा झाला की दंड, पाळीच्या दिवसांत खाडा होणार, मग पिशवीच नको. कुणी दोरीने बांधून ऑपरेशनला नेलं नव्हतं. सह्या, अंगठे सगळे व्यवस्थित होते. म्हणून 'कामगाराच्या संमतीने' असं एखाद्या धोरणात वाचलं की मला खुलासा हवा असतो. नाही म्हणणाऱ्याची रोजी शाबूत राहणार आहे का? राहणार नसेल तर ती संमती नव्हे. राज्यात कारखान्यांना जागा, सवलती, परवाने आपण देता. कामगाराच्या अंगावर बसणारं कुठलंही यंत्र नाकारल्यावर त्याचं काम, हजेरी, मजुरी यांना धक्का लागणार नाही, त्या यंत्राने गोळा केलेली शरीराची माहिती मालकाची होणार नाही आणि यंत्र आलं म्हणून कामाचा आकडा वाढणार नाही, एवढं सवलतीच्या कागदात घालायला कायदा बदलावा लागत नाही.

तसंच प्रोसेसरच्या निविदेचं. शरीरात किंवा शरीरावर कायमचं बसणारं यंत्र राज्य विकत घेत असेल, तर सुटे भाग किमान पंधरा वर्षं मिळण्याचं बंधन आणि त्यांचे दर पहिल्याच निविदेत. दुरुस्तीला यंत्र गेलं तर तोवर बदली यंत्र, कारण पोराला महिनाभर 'सर्व्हिसला गेलंय' असं सांगून चालत नाही. कंपनी बंद पडली किंवा मॉडेल बंद केलं, तर त्याचे आराखडे आणि सॉफ्टवेअर तिसऱ्या विश्वस्ताकडे आधीच ठेवलेले, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते यंत्र जिवंत ठेवता येईल. कंपन्या म्हणतील परवडत नाही. स्टेंटच्या वेळीही म्हणाल्या होत्या. महाराष्ट्राएवढं मोठं गिऱ्हाईक कुणी सोडत नाही, हे उद्योगमंत्र्यांना मी काय सांगणार.

त्या चौथीतल्या मुलाचं शेवटी काय झालं ते विचाराल. एका कुटुंबाने आपल्या मुलाचा जुना प्रोसेसर दिला, तो योगायोगाने त्याच कंपनीचा, त्याच जातीचा निघाला. मॅपिंग करून बसवला. तो किती वर्षं चालेल, सांगता येत नाही; त्याचंही मॉडेल बंद झालंय.



आपला,
पाली बाजारपेठेतला एक दुरुस्तीवाला

ता.क. आपल्याकडे मराठी भाषा खातंही आहे, म्हणून एक छोटी गोष्ट. या यंत्रासोबत येणारं माहितीपुस्तक माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक आईकडे इंग्रजीत असतं. यंत्र ओल्या हवेत कसं सुकवायचं, बॅटरीचं तोंड कशाने पुसायचं, घसरगुंडीवर काय करायचं, सगळं त्यात लिहिलेलं आहे, आणि त्या बायांनी ते पिशवीतून कधी बाहेरही काढलेलं नसतं. निविदेत मराठी पुस्तकाची अट घालायला खर्च काहीच नाही. मजकूर तपासायला माणूस लागला तर मी दुकानात असतोच, गुरुवार सोडून.